जुनं वाफेचं इंजिन वाचवायचं तर: पहिल्या पाहणीपासून पहिल्या वाफेपर्यंत

साइडिंगवर किंवा चौथऱ्यावर वर्षानुवर्षं उभं असलेलं वाफेचं इंजिन दरवर्षी रंगवलं जात असेल तर लांबून ठणठणीत दिसतं. त्याच्याजवळ गेलात की आधी खाली वाका. चिमणीखालच्या धुराच्या पेटीच्या, म्हणजे स्मोकबॉक्सच्या तळाला, चालकाच्या कॅबच्या फरशीखाली, मागे जोडलेल्या कोळसा-पाण्याच्या डब्याच्या, म्हणजे टेंडरच्या कोपऱ्यांत हात लावून पाहा. ओलसर, तपकिरी पापुद्र्यांचा चुरा हाताला लागला तर वरचा रंग फसवा आहे असं समजा.

हे यंत्र कामावर असताना पाण्यावर जगतं आणि कामावरून उतरलं की तेच पाणी त्याला खातं. पुढे लिहिलेल्या बहुतेक सगळ्या गोष्टी फिरून एकाच प्रश्नाशी येतात: पाणी आत्ता कुठे आहे आणि ते कुठे असायला हवं?

एखादं इंजिन ताब्यात आलेली संस्था, छोटं संग्रहालय किंवा हौशी मंडळींचा गट डोळ्यांसमोर ठेवून हे लिहितो आहे. एक गोष्ट आधीच सांगायला हवी. बॉयलर हे दाबाखाली काम करणारं भांडं आहे. त्याची तपासणी, दुरुस्ती आणि चाचणी त्या देशाच्या कायद्यानुसार अधिकृत निरीक्षकाच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. हा लेख वाचून कुणी एकट्यानं आग पेटवू नये.

सुरुवातीला हत्यारं बाजूला ठेवा

नवं इंजिन मिळालं की उत्साहाच्या भरात पहिल्याच रविवारी तारेचे ब्रश आणि रंगाचे डबे निघतात. माझ्या मते सर्वांत जास्त नुकसान याच रविवारी होतं. जुना रंग खरवडला की त्याखालचे थर जातात आणि त्या थरांबरोबर इंजिनाचा इतिहासही जातो.

त्याऐवजी कॅमेरा, वही, मोजपट्टी आणि खडू घ्या. चारही बाजूंनी, खालून, वरून, कॅबमधून, उघडता येईल त्या प्रत्येक दारातून फोटो काढा. एकही नट सोडवण्याआधी तो भाग कसा बसला होता हे टिपून ठेवा. पाइपांची वळणं खास नोंदवा, कारण एकदा काढलेला पाइप सहा वर्षांनी नेमका कुठला होता हे कुणालाही आठवत नाही. सुट्या केलेल्या प्रत्येक भागाला धातूची चकती बांधा. कागदी चिठ्ठ्या तेलानं आणि ओलाव्यानं नष्ट होतात.

पिस्टनचा जोर चाकांपर्यंत नेणारे रॉड आणि क्रॉसहेड, सिलिंडरमध्ये वाफ सोडणारं-अडवणारं व्हॉल्व्ह गिअर, चाकांच्या आसांची बेअरिंग धरणारे अॅक्सल बॉक्स यांच्यावर ठोकलेले आकडे शोधा. अनेक कारखान्यांत सुट्या भागांवर इंजिनाचा नंबर ठोकायची पद्धत होती. दुरुस्तीच्या वेळी भागांची अदलाबदल होई, त्यामुळे एकाच इंजिनावर तीन-चार नंबर सापडू शकतात. हे आकडे घासून गुळगुळीत करू नका. त्या इंजिनाची ती जन्मकुंडलीच आहे.

रंगाचा अभ्यास करायचा तर आडोशाची जागा निवडा, म्हणजे जिथे ऊन आणि हात कमी पोचले अशी. तिथे बारीक पॉलिश पेपरनं बशीसारखा उथळ खळगा घासत न्या. झाडाच्या खोडातल्या वर्तुळांसारखे रंगाचे थर एकाभोवती एक दिसू लागतात. त्याचा फोटो काढा आणि तो तुकडा तसाच ठेवा.

मूळ आराखडे मिळाले तर प्रत्यक्ष मापांशी ताडून बघा. हा नुसता कागदी सोपस्कार नसतो. ब्रिटिश रेल्वेनं १९५४ मध्ये बांधलेलं ७१००० नंबरचं 'ड्यूक ऑफ ग्लॉस्टर' हे इंजिन आपल्या वर्गातलं एकुलतं एक होतं. वाफ नीट तयार होत नाही अशी त्याची ख्याती होती आणि १९६२ मध्येच ते काढून टाकलं गेलं. पुढे हौशी मंडळींनी ते भंगारातून उचलून उभं केलं. तेव्हा लक्षात आलं की राखपेटीला हवा देणारी तोंडं आराखड्यापेक्षा लहान बनवली गेली होती. ती सुधारल्यावर हेच इंजिन जोमानं धावलं. मोजमाप केलं नसतं तर मूळची चूक पुन्हा निष्ठेनं बांधली गेली असती.

मग पाणी थांबवा

पैसे एकाच कामाला पुरणार असतील तर ते छपराला द्या. रंग नंतर देता येतो, पितळ नंतरही चमकवता येतं. छप्पर होईपर्यंत ताडपत्री वापरायची असेल तर ती इंजिनाला घट्ट गुंडाळू नका. आत दमट हवा कोंडते आणि धातूवर रोज पहाटे दव धरतं. ताडपत्री आणि पत्रा यांच्यात हवा खेळली पाहिजे.

चिमणीच्या तोंडावर टोपण बसवा, पण खाली थोडी हवा जाईल असं. त्याआधी स्मोकबॉक्सचं दार उघडून आतली काजळी आणि कोळशाची खर पूर्णपणे काढून टाका. ही खर निरुपद्रवी वाटते, पण कोळशात गंधक असतं. चिमणीतून पडलेलं पाणी त्या खरीत मुरलं की गंधकाचं आम्ल तयार होतं आणि ते स्मोकबॉक्सचा तळ चाळणी करून टाकतं. राखपेटीत आणि आगीच्या जाळीवरही हेच घडतं. टेंडरच्या कोळसाकोठीत मागे राहिलेला ओला कोळसाही तितकाच वाईट.

सिलिंडरचे ड्रेन कॉक उघडे ठेवा. टेंडरची टाकी, बॉयलरमध्ये पाणी ढकलणाऱ्या इंजेक्टरचे पाइप, ब्रेकचे पाइप, पाण्याची पातळी दाखवणाऱ्या काचेचे, म्हणजे गेज ग्लासचे नळ यांतलं पाणी काढा. थंड प्रदेशात गोठलेलं पाणी बिडाचे भाग आणि पाइप एका रात्रीत फोडतं. उष्ण प्रदेशात तेच काम गंज सावकाश करतो.

उघड्यावर इंजिनं किती तग धरतात याचं उदाहरण वेल्सच्या किनाऱ्यावरच्या बॅरी इथल्या भंगाराच्या यार्डात पाहायला मिळालं. वुडहॅम बंधूंच्या त्या यार्डात ब्रिटिश रेल्वेची २९७ इंजिनं आली. मालडब्यांचं भंगार कापणं सोपं पडत असल्यानं इंजिनांचा नंबर मागे मागे पडत गेला. १९६८ ते १९९० या काळात त्यांतली २१३ इंजिनं जतनासाठी बाहेर पडली. खाऱ्या वाऱ्यात काही तर वीस वर्षांहून जास्त उभी होती. जाड पोलादाची चासी आणि चाकं टिकली. पातळ पत्रा, टेंडर, कॅब आणि स्मोकबॉक्स गेले. आपल्या इंजिनाची पाहणी करताना हाच क्रम डोक्यात ठेवा, नुकसान कुठे शोधायचं ते कळतं.

धूळ उडवण्याआधी थांबा

बॉयलरभोवती पत्र्याचा अंगरखा असतो आणि त्याखाली उष्णता अडवणारा थर. अनेक इंजिनांत हा थर अॅसबेस्टॉसचा आहे. पत्रा उचकटून आत काय आहे ते पाहण्याचा मोह टाळा. प्रशिक्षित माणसाकडून नमुना घेऊन प्रयोगशाळेत तपासा आणि थर काढायचं काम परवानाधारकाकडेच द्या. त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर आजार काही दशकांनी उमटतो, त्यामुळे काम करताना काहीच जाणवत नाही. स्वयंसेवकांच्या बाबतीत तर ही जबाबदारी दुप्पट आहे, ते प्रेमापोटी आलेले असतात. जुन्या रंगात, विशेषतः खालच्या शेंदरी थरात शिसं असतं, म्हणून तो कोरडा घासू नये आणि ज्योतीनं जाळूही नये.

पत्र्याखालचा उष्णता अडवणारा थर काढणं बॉयलरसाठीही गरजेचं असतं. पत्र्याच्या फटींतून आत गेलेलं पाणी तो स्पंजासारखं धरून ठेवतो आणि बॉयलर बाहेरून गंजत राहतो.

चालवायचं की उभं ठेवायचं?

हा निर्णय भावनेवर सोडू नका. इंजिन चालवायचं म्हणजे त्याचे झिजलेले भाग बदलत राहायचे. काही दशकं धावलेल्या, जतन केलेल्या इंजिनात मूळ धातू किती उरतो हा प्रामाणिक प्रश्न आहे.

१८२९ चं स्टीफन्सनचं 'रॉकेट' कुणी पेटवत नाही, पेटवूही नये. त्याची चालती प्रतिकृती १९७९ मध्ये बांधली गेली आणि लोकांना वाफ, आवाज, वास यांचा अनुभव तिच्यावर मिळाला. उलट अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संस्थेनं १८३१ चं 'जॉन बुल' काळजीपूर्वक तपासून १९८१ मध्ये, त्याच्या दीडशेव्या वर्षी, स्वतःच्या वाफेवर धावतं केलं आणि मग पुन्हा संग्रहालयात ठेवलं. १८५५ मध्ये लीड्सला बांधलेली 'फेअरी क्वीन' १९९७ मध्ये भारतात पुन्हा प्रवासी घेऊन धावली. तिसरा रस्ता म्हणजे जे उरलंच नाही ते नव्यानं बांधणं. ब्रिटनच्या ए१ वर्गाचं एकही इंजिन वाचलं नव्हतं, म्हणून हौशी लोकांनी 'टॉर्नेडो' हे ताशी साठाहून जास्त मैल वेगानं धावणारं संपूर्ण नवं इंजिन २००८ मध्ये रुळांवर आणलं. त्याचा बॉयलर जर्मनीतल्या मायनिंगेन इथल्या कारखान्यानं बनवला.

माझा कौल असा. त्या वर्गाचं एकच इंजिन उरलं असेल आणि बराचसा धातू मूळचा असेल, तर ते उभं ठेवा. त्याच वर्गाची पाच-दहा इंजिनं शिल्लक असतील, सुटे भाग मिळत असतील आणि हाताशी बॉयलरचं काम जाणणारी माणसं असतील, तर एक चालवा. चालवणं हेही जतनच आहे, कारण फायरमनच्या हातातलं फावडं आणि फिटरच्या कानातला ठोका काचेच्या पेटीत ठेवता येत नाही. पण निर्णय लिहून ठेवा, कारणांसकट. पुढच्या पिढीला तो फिरवायचा असेल तर तिला तुमचा विचार कळायला हवा.

उभं ठेवायचं ठरलं तरी काम संपत नाही. चाकं वर्षातून काही वेळा थोडी फिरवून नव्या जागी टेकवा, नाहीतर बेअरिंगमध्ये एकाच रेषेवर ओल आणि गंज धरतो. शिट्टी, गेज, नावाच्या पाट्या हे पितळ-तांबं चोरीला जातं. मूळ वस्तू कुलपात ठेवून बाहेर प्रतिकृती लावा.

हलवताना

वर्षानुवर्षं उभं असलेलं इंजिन साखळी लावून ओढू नका. अॅक्सल बॉक्स उघडून पाणी काढा, तेलाच्या गाद्या बदला, नवं तेल भरा. पिस्टन कोरड्या सिलिंडरमध्ये घासू नयेत म्हणून कनेक्टिंग रॉड काढणं सर्वांत सुरक्षित. ब्रेक खरोखर सुटले आहेत का ते प्रत्येक चाकाशी जाऊन पाहा. रस्त्यानं न्यायचं तर इंजिन आणि टेंडर वेगळे करा, दोन्हींतलं पाणी काढा आणि खऱ्या वजनाची चौकशी करा; पुस्तकातलं वजन पाण्याकोळशासह आहे की रिकाम्याचं, यात फार फरक पडतो.

जागा कितीही अडचणीची असली तरी वाट निघते. युनियन पॅसिफिकचं ४०१४ नंबरचं 'बिग बॉय' कॅलिफोर्नियातल्या पोमोना इथे रुळांपासून तुटून मैदानात उभं होतं. २०१३ मध्ये ते काढताना पार्किंगच्या जागेवर रुळांचे तयार तुकडे अंथरले. इंजिन पुढे सरकलं की मागचे तुकडे उचलून पुढे आणायचे, असं करत ते मुख्य मार्गाला लावलं. २०१९ मध्ये ते पुन्हा धावलं, कोळशाऐवजी तेलावर.

बॉयलर

आता खरं काम. बॉयलर म्हणजे आत आग असलेला फायरबॉक्स, त्याभोवती पाण्याची पोकळी, पुढे धूर वाहून नेणाऱ्या नळ्यांनी भरलेला लांब पिंप आणि शेवटी स्मोकबॉक्स. फायरबॉक्सच्या आतल्या आणि बाहेरच्या भिंती शेकडो आडव्या बोल्टांनी, म्हणजे स्टेंनी, एकमेकींना धरून ठेवलेल्या असतात. सपाट पत्र्याला दाब सहन होत नाही, तो फुगायला बघतो. स्टे त्याला फुगू देत नाहीत.

नळ्या काढायच्याच हे गृहीत धरा. त्या काढल्याशिवाय पिंपाचा तळ आतून दिसत नाही आणि खड्डे पडतात ते तिथेच. बॉयलर धुण्यासाठी ठेवलेली, म्हणजे वॉशआउटची सगळी झाकणं उघडा. फायरबॉक्सभोवतीच्या पोकळीच्या तळाशी, दोन्ही भिंतींना खाली जोडणाऱ्या फाउंडेशन रिंगच्या लगत, गाळ साठतो. गाळाखाली पत्रा गंजतो आणि आगीच्या बाजूला तापून उठतो, म्हणून तिथली जाडी सर्वांत आधी मोजा.

जाडी मोजायला अल्ट्रासॉनिक यंत्र वापरा आणि पत्र्यावर खडूनं चौकटी आखून प्रत्येक चौकटीचा आकडा नकाशावर लिहा. चार ठिकाणी मोजून सरासरी काढण्यात धोका आहे. बॉयलर सरासरीत फुटत नाही, सर्वांत पातळ जागी फुटतो. वळवलेल्या पत्र्यांच्या कोपऱ्यांत बारीक खाच पडलेली असते, ती यंत्राला सहज सापडत नाही. तिथे डोळा, भिंग आणि भेगा दाखवणारं रंगद्रव्य हवं. स्टे तुटले आहेत का ते हातोडीच्या आवाजावरून ओळखायची जुनी रीत आजही उपयोगी आहे. अखंड स्टे खणखणीत वाजतो, तुटलेला बद्द. हा कान तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून जुन्या बॉयलरमेकरबरोबर एखाद्या तरुणाला नक्की उभं करा.

फायरबॉक्स तांब्याचा असेल तर त्याची आगीकडची बाजू पाहा. राख आणि निखारे झिजवत असतात, स्टेंची डोकी झिजून सपाट होतात. तांबं आणि पोलाद वेगवेगळं प्रसरण पावतं. तापमान सारखंच वाढलं तरी तांबं पोलादाच्या सुमारे दीडपट प्रसरण पावतं. एकाच बॉयलरमध्ये ते दोन्ही बांधलेले असल्यानं प्रत्येक गरम-थंड चक्रात स्टे थोडे वाकतात. बॉयलरचं वय म्हणूनच नुसत्या वर्षांत मोजू नका, तो किती वेळा पेटवला-विझवला तेही मोजा.

दुरुस्तीत आज वेल्डिंग सर्रास होतं. ते करायला हरकत नाही, पण मूळ धातूचा नमुना तपासल्याशिवाय नको. जुन्या पोलादात गंधक-फॉस्फरस जास्त असू शकतं आणि वेल्डशेजारी भेग जाते. रिव्हेट करता येत असतील तर करा. ती विद्या वापरली तरच टिकते.

चाकं, चासी, मोशन

इथे थोडक्यात. मोशन म्हणजे चाकं फिरवणारे दांडे आणि त्यांचे सांधे. चासीत भेगा शोधायच्या त्या कोपऱ्यांत आणि अॅक्सल बॉक्सच्या खोबणींजवळ. चाकावरची पोलादी धाव तापवून, फुगवून बसवलेली असते आणि थंड झाल्यावर आवळते. ती हातोडीला बद्द वाजली तर सैल आहे. जर्नल (बेअरिंगमध्ये फिरणारा आसाचा गुळगुळीत भाग) आणि पिना यांच्यावर वाळूचा फवारा कधीही मारू नका, आसपास मारायचा असेल तर ते बांधून झाका. रॉड काढून भेगांसाठी चुंबकीय तपासणी करा. व्हाइट मेटलची, म्हणजे मऊ मिश्रधातूची बेअरिंग नव्यानं ओतून घ्यावी लागतील असं समजूनच चाला.

पाण्याचा दाब, मग वाफेचा

पहिली चाचणी पाण्यानं होते. बॉयलर काठोकाठ भरून, सगळी हवा बाहेर काढून, पंपानं दाब वाढवतात, नियमांनुसार कामाच्या दाबाच्या साधारण सव्वा ते दीडपट. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, त्यामुळे काही सुटलंच तर नुसती धार उडते. हवा आत राहिली तर ती स्प्रिंगसारखी दबून बसते आणि मग सुटलेला भाग गोळीसारखा येतो, म्हणून हवा काढताना घाई करू नका, ती पूर्ण जाऊ द्या.

ही चाचणी पास झाली की छोटी आग. मोठ्या थंड बॉयलरला वाफ धरायला निदान एक दिवस द्या. सुरुवातीला लाकडं, मग थोडा कोळसा. काही तास काहीच होत नाही असं वाटतं, तेव्हा फावडं हातात घेणाऱ्याला आवरा. जिथे घाईनं तापवतात तिथे नळ्यांची टोकं गळू लागतात. दाब वाढेल तसे सगळे सांधे पुन्हा बघा आणि सेफ्टी व्हॉल्व्ह नेमक्या आकड्यावर उठतो का ते निरीक्षकासमोर तपासा.

चालवताना

फायरबॉक्सचं छत कायम पाण्याखाली असलं पाहिजे. पाणी त्याच्या खाली गेलं की छताचा पत्रा आगीवर उघडा पडतो, लाल होतो, मऊ होतो आणि दाबानं खाली ओढला जातो. मग बॉयलरमधलं सगळं तापलेलं पाणी एकदम वाफ होऊ पाहतं, आणि साध्या हवेच्या दाबाला वाफ पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा घेते.

१६ जून १९९५ रोजी अमेरिकेत गेटिसबर्गजवळ पर्यटकांच्या गाडीच्या इंजिनात हेच घडलं. पाणी कमी झालं होतं, आणि पातळी दाखवणाऱ्या काचेच्या वाटा क्षारांनी तुंबल्या होत्या. तिघे कर्मचारी भाजले. काही स्टे आधी सुटतील अशा रचनेचे होते, म्हणून छत टप्प्याटप्प्यानं उघडलं आणि बॉयलर उडाला नाही. त्यानंतर तिथले नियम कडक झाले. आता १,४७२ कामाचे दिवस किंवा १५ वर्षं, यांतलं जे आधी होईल तेव्हा बॉयलर पूर्ण उघडून तपासावा लागतो.

म्हणून प्रत्येक पाळीच्या सुरुवातीला गेज ग्लासचे नळ उघडून-बंद करून पाणी झटकन परत वर येतं का ते पाहा. रेंगाळत आलं तर वाट तुंबली आहे, आग काढा. बॉयलरला पाणी भरायची दोन स्वतंत्र साधनं चालू असल्याशिवाय निघू नका. चिमणी पुढे असताना उतार लागला की पाणी पुढे धावतं आणि मागचं छत उघडं पडू शकतं, हे चढ संपायच्या आधीच ध्यानात घेऊन पाणी वाढवा. छतातला शिशाचा प्लग, पाणी खाली गेलं की वितळून इशारा देणारा, हा शेवटचा पहारेकरी आहे. तो ठरलेल्या मुदतीत बदला, त्याच्या भरवशावर पाणी कमी ठेवू नका.

पाण्याची गुणवत्ताही तितकीच महत्त्वाची. क्षारांचा थर नळ्यांवर बसला की उष्णता पाण्यात जात नाही आणि धातू तापतो. पाण्यावर प्रक्रिया करा, ते अल्कधर्मी राखा, ठरावीक दिवसांनी बॉयलर धुऊन काढा, आणि धुताना काय निघालं ते लिहा: किती गाळ, कोणत्या झाकणातून, कोणत्या रंगाचा. दोन वर्षांच्या या नोंदी एका महागड्या तपासणीइतकं सांगतात.

हंगाम संपल्यावर

अर्धवट भरलेला बॉयलर ही सर्वांत वाईट अवस्था. पाण्याच्या रेषेवर हवा आणि ओल दोन्ही मिळतात आणि तिथे खड्ड्यांची ओळ पडते. एकतर तो पूर्ण कोरडा ठेवा, नाहीतर पूर्ण भरलेला.

कोरडा ठेवायचा तर धातू अजून कोमट असताना पाणी सोडा, झाकणं उघडा, गरम हवा फिरवून आतली ओल घालवा, ट्रेमध्ये ओल शोषणारा सिलिका जेल किंवा कळीचा चुना ठेवून बंद करा आणि महिन्यातून एकदा ट्रे बदला. भरून ठेवायचा तर प्रक्रिया केलेलं, प्राणवायू काढून टाकणारं रसायन घातलेलं पाणी अगदी वरपर्यंत भरा. गोठण्याची शक्यता असेल तर दुसरा पर्याय बाद. आगीच्या बाजूची राख, काजळी त्याच दिवशी काढा, उद्यावर टाकू नका. मोशनला आणि पिस्टन रॉडला जाड तेल लावा.

आणि फायरबॉक्सच्या दाराला तारेनं एक पाटी घट्ट बांधा, दार उघडणाऱ्याला ती वाचल्याशिवाय पुढे जाताच येणार नाही अशी: 'बॉयलर रिकामा आहे. आग पेटवू नये.' खाली तारीख आणि पाणी सोडणाऱ्याची सही.